अर्ज एकाचा, प्रचार दोघांचा

महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नवऱ्याने किंवा बायकोने काय करावं आणि काय टाळावं, त्याबद्दल हे. नाशिक महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. चिन्हवाटप ३ जानेवारीला आणि जाहीर प्रचार १३ तारखेला बंद. म्हणजे चिन्ह हातात पडल्यावर दारोदार फिरायला दहा-अकरा दिवस. आता प्रभाग किती मोठा ते बघा. १२२ जागा, ३१ प्रभाग, त्यातले २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तो जुना आकडा धरला तरी चार सदस्यांच्या प्रभागात ४८ हजारांवर माणसं येतात. घरात साडेचार माणसं धरली तर दहा-अकरा हजार दारं. शहर तेव्हापासून वाढलंय, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच.

एका दाराला तीन मिनिटं लागतात. बेल, नमस्कार, पत्रक, एक तक्रार ऐकायची, पुढे. सकाळी साडेआठ ते अकरा पन्नास दारं, संध्याकाळी साडेपाच ते नऊ सत्तर दारं. दिवसाला १२०, दहा दिवसांत १,२००. उमेदवार जीव तोडून फिरला तरी प्रभागाच्या नवव्या हिश्श्यापर्यंत पोचतो. बाकीची दारं कार्यकर्ते करतात, पण मतदार कार्यकर्त्याला उमेदवाराच्या घरचा धरत नाही. नवऱ्याच्या वतीने बायको किंवा बायकोच्या वतीने नवरा दारात उभा राहिला तर ती भेट उमेदवाराच्या भेटीच्या जवळपास धरली जाते. प्रभागात एकत्र लढणाऱ्या चार उमेदवारांच्या पॅनलमध्ये चारही घरचे जोडीदार आपापल्या टोळ्या घेऊन फिरले तर आठ टोळ्या होतात आणि दहा दिवसांत ९,६०० दारं होतात. म्हणजे जवळजवळ सगळा प्रभाग. जोडीदाराचं प्रचारातलं पहिलं महत्त्व हे इतकं साधं आहे.

म्हणून दोघांनी सतत एकत्र फिरणं हा माझ्या मते सगळ्यात महागडी चूक आहे. फोटो छान येतात, पण दारं निम्मी होतात. पहिल्या दिवशी नारळ फोडताना एकत्र, प्रभागातल्या चार-पाच मानाच्या घरी एकत्र, बाकी वेळ दोन दिशांना. उमेदवार पाथर्डी फाट्याकडून सुरुवात करत असेल तर जोडीदाराने दुसऱ्या टोकापासून यावं आणि दोघांच्या याद्या रोज रात्री एकत्र कराव्यात.

वेळा वस्तीप्रमाणे बदलतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत, अशोकनगर किंवा श्रमिकनगरला, पहिल्या पाळीची माणसं दुपारी तीननंतर घरी येतात. सिडकोत पवननगर, त्रिमूर्ती चौक भागात दोन ते पाच ही बायकांची मोकळी वेळ. उमेदवार तेव्हा बैठकीत अडकलेला असतो, वहिनी, म्हणजे त्याची बायको, मोकळ्या असतात, आणि हीच वेळ त्यांनी धरायची. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत संध्याकाळी सातच्या आत कोणी भेटत नाही आणि वॉचमनकडे आधी कमिटीच्या सेक्रेटरीचं नाव सांगावं लागतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत सकाळी लवकर माणसं सापडतात. नळाला पाणी यायच्या वेळेला कुठेच जाऊ नये. पाणी भरणाऱ्या बाईला दारात उभं करून ठेवलं की भाषणाचा परिणाम उलटा होतो. नाशिकची जानेवारीतली थंडी लक्षात ठेवून संध्याकाळची फेरी थोडी लवकर आटोपलेली बरी. आठनंतर म्हातारी माणसं दार उघडत नाहीत.

दारातलं काम नीट केलं तर ते असं दिसतं. टोळीत चार-पाचच जण, त्यात त्याच गल्लीतली एक बाई पुढे. तिने ओळख करून द्यायची: "या अमुक भाऊंच्या मिसेस." मग जोडीदाराने स्वतःचं नाव सांगायचं, उमेदवाराचं पूर्ण नाव सांगायचं, चिन्ह दाखवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "तुमच्याकडे काय अडचण आहे?" उत्तर आलं की वहीत लिहायचं, समोरच्याच्या डोळ्यांदेखत. आश्वासन द्यायचं नाही. "भाऊंना सांगते, ते फोन करतील" एवढंच, आणि दुसऱ्या दिवशी फोन गेलाच पाहिजे. नाही गेला तर ती भेट न झालेलीच बरी होती.

टोळीतल्या एकाकडे मतदार यादीचा तो भाग असतो. दार बंद झाल्यावर, पुढच्या दाराला पोचायच्या आत, खुणा करायच्या: आपला, कुंपणावरचा, समोरचा. त्याहून कामाच्या खुणा दुसऱ्याच आहेत. कोण वारलं, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली पण नाव अजून इथे आहे, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, कोण अंथरुणाला खिळलंय. ही माहिती घरातली बाई उमेदवारापेक्षा उमेदवाराच्या बायकोला सहज सांगते. मतदानाच्या दिवशी कोणाला फोन करायचा आणि कोणासाठी धावायचं नाही, हे याच खुणांवर ठरतं.

दुसरं महत्त्वाचं काम म्हणजे मशीन समजावणं. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात, आणि चौथं बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. आजींना हे भाषणातून कळत नाही. नमुना मतपत्रिका ओट्यावर पसरून, बोट ठेवून, दोनदा करून घ्यावं लागतं. हा नमुना खऱ्या मतपत्रिकेपेक्षा रंगाने आणि आकाराने वेगळा छापायचा, आणि तो केंद्राच्या आवारात न्यायचा नाही.

औक्षणाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथेच जास्त लोक अडकतात. गल्लीत शिरलं की पाच-सहा दारांत ताट तयार असतं. आपल्याकडची रीत अशी की ओवाळलं की ताटात काहीतरी पडलं पाहिजे. आचारसंहितेत ताटात टाकलेली नोट म्हणजे मतदाराला दिलेले पैसे, आणि समोरच्या पॅनलचा पोरगा मोबाईल घेऊन उभाच असतो. उमेदवाराला हे पक्ष सांगतो. जोडीदाराला कोणी सांगत नाही, आणि "रिकामं ताट कसं परत द्यायचं" म्हणून पर्स उघडते ती बायकोच. उपाय सोपा आहे. फेरीला निघताना पर्समध्ये रोकड ठेवायचीच नाही. पिशवीत सुपाऱ्या आणि फुलं ठेवायची, ताटात सुपारी-फूल ठेवून वयाने मोठ्या बाईला वाकून नमस्कार करायचा. सोबतच्या कार्यकर्त्यांनाही हेच बजावायचं, कारण त्यांच्या हातून पडलेली नोटही उमेदवाराच्याच नावावर जाते.

हळदीकुंकवाचंही तसंच. या निवडणुकीत संक्रांत मतदानाच्या आदल्या दिवशी आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाणाचा हंगाम, आणि प्रभागातल्या बायकांना बोलावण्याचं यापेक्षा सोपं निमित्त नाही. पण आचारसंहिता लागल्यावर उमेदवाराच्या घरून वाटलेला डबा, चाळणी, पातेलं हे वाण न राहता प्रलोभन ठरतं. मग बचत गटाच्या नावाने कार्यक्रम ठेवला आणि वहिनी प्रमुख पाहुण्या झाल्या, तरी बॅनरवर चिन्ह दिसलं की खर्च उमेदवाराच्या खात्यात लागतो आणि वस्तूंचा प्रश्न तसाच उभा राहतो. आचारसंहितेच्या काळात दुसऱ्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला साधं पाहुणं म्हणून जावं, वाण घ्यावं, देऊ नये, आणि पत्रकांचा गठ्ठा बाहेर गाडीत ठेवावा.

आणखी एक. हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलावत नाहीत, किंवा बोलावून कोपऱ्यात बसवतात. प्रभागात अशा शेकडो मतदार आहेत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून हा विषय बायका उघड बोलतात. उमेदवाराच्या बायकोने अशा घरी आवर्जून जावं आणि सगळ्यांच्या बरोबरीने तिळगूळ द्यावा-घ्यावा. हे मी मतांच्या हिशेबाने लिहीत नाही. जी बाई नगरसेवकाच्या घरची होणार आहे तिने एवढं करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. जुन्या नाशकात किंवा वडाळ्यात, जिथे हळदीकुंकू हा घरचा सणच नाही, तिथे त्या घरातल्या बायकांच्या सोयीच्या वेळेला, त्यांच्या ओळखीच्या बाईला घेऊन जावं.

पण दाराचं काम नंतरचं. जोडीदारामुळे निवडणूक सगळ्यात आधी कागदावर बिघडते.

प्रतिज्ञापत्रात उमेदवाराइतकीच माहिती पती किंवा पत्नीची द्यावी लागते. विधानसभा-लोकसभेच्या नमुना २६ मध्ये दोघांचा पॅन, मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रांतली उत्पन्नं, जंगम-स्थावर मालमत्ता, कर्जं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाचे स्रोतही. महापालिकेला नमुना राज्य निवडणूक आयोगाचा असतो, पण जोडीदाराचे रकाने तिथेही आहेत. किसन कथोरे यांची २००४ ची अंबरनाथमधली निवड मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. न दाखवलेल्या गोष्टींत विजेच्या थकबाकीबरोबर पत्नीच्या नावचा बंगला आणि पत्नीच्या नावची गाडी होती. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने असंही म्हटलं की प्रत्येक बारीकसारीक जंगम वस्तू दाखवलीच पाहिजे असं नाही, मोठी किंवा राहणीमान दाखवणारी हवी. पण काय मोठं आणि काय बारीक हे निवडून आल्यावर कोर्टात ठरवत बसण्यापेक्षा आधीच लिहून मोकळं व्हावं.

राहून जातं ते ठराविकच. बायकोचं माहेर निफाड, दिंडोरी किंवा येवल्याकडचं असतं. वडील वारल्यावर वारस नोंद होते आणि तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं. भावाने सांगितलेलं नसतं, हिने विचारलेलं नसतं, हक्कसोड पत्र झालेलं नसतं. प्रतिज्ञापत्रात "शेतजमीन: निरंक" लिहिलं जातं आणि विरोधक तालुक्याला जाऊन उतारा काढून आणतो. म्हणून अर्ज भरायच्या किमान महिनाभर आधी माहेरच्या गावच्या तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन महाभूलेखवरून तिच्या नावाने शोध घ्यावा. दुसरं, पतसंस्थेतलं कर्ज आणि जामीनकी. तिसरं, सोनं. ते ग्रॅममध्ये आणि त्या दिवशीच्या भावाने लिहायचं, "स्त्रीधन" म्हणून सोडून द्यायचं नाही. चौथं, बंद पडलेली पण नाव न उतरवलेली दुचाकी. पाचवं, विमा पॉलिसी आणि भिशीवजा आवर्ती ठेवी. रकाना कोरा ठेवायचा नाही. "निरंक", "लागू नाही" किंवा "माहिती उपलब्ध नाही" यातलं जे खरं असेल ते लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, निवडणूक अधिकाऱ्याने सांगूनही कोरा ठेवलेला रकाना अर्ज नाकारायला पुरतो. नवरा-बायको वेगळे राहत असतील पण घटस्फोट झालेला नसेल तर रकाना लागूच आहे. अशा घरात कागद मागायलाच वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यात आधी घ्यावं.

महापालिकेला याहून टोकाच्या दोन-तीन गोष्टी आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकाने स्वतः, त्याच्या पतीने किंवा पत्नीने, किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कोणी अनधिकृत बांधकाम केलं असेल तर पद जाऊ शकतं. सिडकोतल्या घरांवर चढवलेला जास्तीचा मजला, रो-हाऊसच्या पुढच्या मोकळ्या जागेत बायकोच्या नावाने काढलेलं पार्लर किंवा पिठाची गिरणी, हे निवडणुकीआधी नकाशाशी ताडून बघावं. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध हीसुद्धा अपात्रता आहे. बायकोचा बचत गट महापालिकेला आहार पुरवत असेल किंवा नवऱ्याची फर्म पालिकेची गटारं करत असेल, तर वकिलाकडून लेखी मत घेऊनच पुढे जावं. आणि १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचा नियम (दोनपेक्षा जास्त अपत्यं असली तर अपात्रता) दोघांनी बसून तारखांसह तपासावा. जन्मदाखले समोर ठेवून, आठवणीवर नाही.

आता दुसरी बाजू. कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, म्हणजे नाशकात १२२ पैकी ६१. आरक्षणाची सोडत निघाली की प्रभागात दहा वर्षं फिरलेल्या माणसाची जागा महिलेची होते आणि बायकोचं नाव पुढे येतं. मग जोडीदार म्हणून प्रश्न नवऱ्याचा असतो, आणि खरं सांगायचं तर बायकोपेक्षा नवरा सांभाळणं अवघड.

इथे पहिला अडसर जातीच्या दाखल्याचा. जात लग्नाने मिळत नाही, जन्माने येते. जागा मागास प्रवर्गातल्या महिलेची असेल तर नवऱ्याचं जात वैधता प्रमाणपत्र काही कामाचं नाही, तिच्या वडिलांकडचे पुरावे लागतात: इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे. ते माहेरच्या गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतात. शिवाय माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे जोडणारा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र हवं. मतदार यादीत "सुनीता", आधारवर "सुनिता" आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच पाळण्यातलं नाव, असं असेल तर छाननीच्या टेबलावर घाम फुटतो. वर्षभर आधी सुरुवात करावी. जात पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून अर्ज भरता आला तरी निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द होते.

मग प्रचार. कोपरा सभेत बाई विचारते, "ताई, आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबतं, तुम्ही काय करणार?" आणि मागून नवरा बोलायला लागतो. त्या क्षणी मतदाराच्या मनात नक्की होतं की कारभार कोण करणार आहे. नवऱ्याने पाळायचा एकच नियम: पहिलं उत्तर तिचं. चुकलं तरी तिचं. त्याला काही जोडायचं असेल तर सभा संपल्यावर. सभेत त्याचं काम म्हणजे मागे उभं राहून नाव-फोन नंबर टिपणं. आणि उत्तर यावं म्हणून तिची तयारी आधी करायची. प्रभागाला पाणी गंगापूर, मुकणे की दारणा यातल्या कोणत्या धरणातून येतं, कोणता जलकुंभ, किती वाजता, किती वेळ. घंटागाडी कोणत्या गल्लीत शिरत नाही आणि का. सहा विभागीय कार्यालयांपैकी आपलं कोणतं, तिथे पाण्याची तक्रार कोणाकडे आणि ड्रेनेजची कोणाकडे. घरपट्टीचं बिल कसं वाचायचं. एवढं पंधरा दिवसांत येतं, शिकवणारा मात्र नवरा नसावा. जुन्या नगरसेविका, निवृत्त अभियंता, वॉर्डातली शिक्षिका यांच्याकडून शिकलेलं तोंडी नीट बसतं. नवरा शिकवायला लागला की घरातला वाद प्रचारात येतो.

फलकावर तिचा फोटो मोठा, त्याचा लहान किंवा नाहीच. "अमुक भाऊंच्या सौभाग्यवती" एवढीच ओळख असलेली बाई मशीनवर सापडत नाही, कारण तिथे तिचं नाव असतं. पहिल्या दिवसापासून तिचं पूर्ण नाव, यादीत आणि मशीनवर येणार तसंच, घोषणांत म्हणायला लावावं.

जोडीदार सरकारी नोकरीत असेल तर खेळ वेगळाच. नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक, महापालिकेचे कर्मचारी, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांतले कामगार अशी हजारो घरं आहेत. वर्तणूक नियमांप्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याने मत द्यावं, पण प्रचार करू नये, कोणाला मत दिलं ते सांगू नये. आपल्या अंगावर, वाहनावर किंवा घरावर चिन्ह लावणं हाही प्रचारच धरला जातो. अडचण अशी की घर दोघांचं एकच असतं. मार्ग हा: घर किंवा गाडी नोकरीतल्या बायकोच्या नावावर असेल तर झेंडा, पाटी, स्टिकर काहीच तिथे नाही. कार्यालय वेगळ्या जागेत, गाडी वेगळी. घरी कार्यकर्त्यांची बैठक नाही. तिने व्हॉट्सअॅपला नवऱ्याच्या पत्रकाचं स्टेटस ठेवू नये. शाळेच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. विधानसभा-लोकसभेला शासकीय कर्मचारी उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला तर तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. निवडणुकीच्या कामाचा आदेश आलाच तर पती किंवा पत्नी उमेदवार असल्याचं कार्यालयाला लगेच लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. सुट्टी घेतली म्हणजे प्रचार चालतो, हा गैरसमज आहे. सुट्टीवरचा कर्मचारीही कर्मचारीच.

पैशाचं थोडक्यात. निवडणुकीचं बँक खातं उमेदवाराच्या एकट्याच्या नावाने. विधानसभा-लोकसभेसाठी आयोगाची सूचना स्पष्ट आहे की निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त खातं चालतं, घरच्या माणसाबरोबर चालत नाही, जोपर्यंत तोच प्रतिनिधी नेमलेला नाही. घरच्या नेहमीच्या संयुक्त खात्यातून मंडपवाल्याला पैसे गेले की हिशेब फाटतो. घरात रांधून साठ कार्यकर्त्यांना जेवू घातलं तरी ते आयोगाच्या दराने खर्चात लागतं, आणि ही गोष्ट स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. माझा आग्रह असा की जोडीदाराकडे रोकड देऊच नये. देणं अटळ असेल तर एक वही, रोज रात्री बेरीज, प्रत्येक बिलावर तारीख आणि कशासाठी. जोडीदाराने स्वतःच्या मोबाईलवरून पैसे भरून चालवलेली फेसबुकची जाहिरात हाही खर्चच आहे, आणि तो पकडायला कोणाला घरात शिरावं लागत नाही.

डमी अर्जाची पद्धत जुनी आहे. नवऱ्याचा अर्ज छाननीत उडाला तर घरातच उमेदवारी राहावी म्हणून बायकोचाही अर्ज. विधानसभेला पक्षाच्या बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव लिहायची सोय आहे. मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की पर्यायी उमेदवार पक्षाचा राहत नाही. त्याच्या अर्जावर दहा सूचक असतील तर तो अपक्ष म्हणून उभाच राहतो, आणि मग तो मुदतीत मागे घ्यावा लागतो. धावपळीत हे विसरलं की एकाच आडनावाची दोन नावं मशीनवर येतात आणि आपलीच मतं फुटतात. अर्ज मागे घ्यायचा नमुना सही करून, फाईलमध्ये वर, आधीच तयार ठेवावा. दुसरं म्हणजे डमी अर्जालाही प्रतिज्ञापत्र जोडलेलं असतं. दोघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकाच फ्लॅटची किंमत वेगळी, सोन्याचे ग्रॅम वेगळे, असं झालं तर विरोधकाला आयतंच मिळतं. दोन्ही एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच कागदांवरून भरावीत.

घरातला फोन हा अजून एक मुद्दा, फारसा कोणी बोलत नाही तरी. कार्यकर्त्याला उमेदवार मिळाला नाही की तो वहिनींना फोन करतो. वहिनींनी "हो, करा" म्हटलं की ते कार्यालयाच्या नियोजनाच्या उलट निघतं. आठवडाभरात भाऊंची माणसं आणि वहिनींची माणसं असे दोन गट पडतात, पत्रकं दोनदा वाटली जातात, रिक्षा दोनदा सांगितल्या जातात. जोडीदाराचं क्षेत्र लिहून ठरवावं: कोणत्या गल्ल्या, कोणते महिला मंडळ, कोणत्या वेळा. त्या क्षेत्रात शेवटचा शब्द त्यांचा, उमेदवाराने मध्ये पडू नये. बाहेरचा निर्णय आला की "कार्यालयात विचारा" एवढंच उत्तर. सकाळी सातला दहा मिनिटं दोघांनी आणि कार्यालय सांभाळणाऱ्याने चहावर बसून दिवस वाटून घ्यावा. रुसलेला माणूस समजवायला मात्र जोडीदारासारखा दूत नाही. उमेदवार गेला तर अट घालतील, वहिनी गेल्या तर चहा देतील आणि बोलतील.

मतदानाच्या दिवशी जोडीदाराला एका केंद्रावर बसवून ठेवू नये. सकाळी पहिल्या तासात स्वतःचं मत द्यावं, मग केंद्राबाहेरच्या आपल्या टेबलांवर फिरावं. विधानसभा-लोकसभेला केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार हा गुन्हा आहे, महापालिकेलाही तेच अंतर पाळावं, म्हणून चिन्ह, शाल, बिल्ला काढूनच पुढे जायचं. घरची गाडी मतदार आणायला वापरायची नाही. "आजी शेजारच्याच आहेत" म्हणून नेलं तरी तक्रार होते. दुपारी बारानंतर यादीतल्या खुणा काढून, ज्या बायकांनी "येते" म्हटलं होतं आणि अजून आल्या नाहीत, त्यांना फोन. हे फोन जोडीदाराच्या नंबरवरून गेलेले जास्त उचलले जातात.

निकालानंतर दोन कामं उरतात. विधानसभेला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. महापालिकेलाही मुदत ठरलेली असते आणि हरलेल्यालाही ती लागू असते. बिलं बहुतेक जोडीदाराच्या पिशवीत आणि गाडीच्या डिकीत असतात, ती पहिल्या आठवड्यातच कार्यालयात जमा करून घ्यावीत. दुसरं काम जिथे पत्नी निवडून आली तिथलं. शपथेआधीच ठरवावं की नगरसेविकेचा मोबाईल तिच्याच हातात राहील, प्रभागाच्या पाहणीला अभियंत्याबरोबर ती स्वतः जाईल आणि तिच्या सहीची पत्रं वाचल्याशिवाय जाणार नाहीत. नवऱ्याला मदत करायची असेल तर तक्रारींचं रजिस्टर ठेवावं: तारीख, गल्ली, तक्रार, कोणत्या विभागाकडे पाठवली, कधी मिटली.